तृप्ती व वेदिका या दोघींनी एकत्र हजर राहण्याबाबत

प्रति,
मा. समन्वयक,
संगणक व ई-मेल कक्ष,
कै. भिकाजीराव वाघचौरे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय,
नाशिक.

दिनांक : ९ मार्च २०२६

विषय : महाविद्यालयाबाहेर असताना ई-मेल खाते परिपत्रकाबरहुकूम सांभाळल्यामुळे बंद पडले, ते चालू करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे परिपत्रक क्र. १४, दि. २ जानेवारी २०२६.
२) आपल्या चौकशी समितीचा निर्णय, दि. २७ फेब्रुवारी २०२६.

महोदय,

सविनय अर्ज सादर करण्यात येतो की,

१. प्रस्तुत अर्जाची सुरुवात आधी ‘मी’ या शब्दाने झाली होती. तो शब्द खोडावा लागला. आपल्या समितीच्या निर्णयात असे नमूद आहे की, सदर खाते वापरणारी व्यक्ती नेमकी कोण हे निश्चित होईपर्यंत तिने स्वतःच्या वतीने केलेले कोणतेही निवेदन विचारात घेतले जाणार नाही. जिने स्वतःच्या वतीने बोलायचेच नाही, तिने ‘मी’ तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? म्हणून या अर्जात सर्वत्र ‘अर्जदार’ असाच उल्लेख केला आहे. हा शब्द सोयीचाही आहे. त्याला माहेर-सासर नाही आणि लग्नानंतर तो बदलावा लागत नाही.

२. अर्जदार आपल्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. हजेरी क्रमांक सत्तेचाळीस. हा क्रमांक अद्याप कोणी बदललेला नसल्यामुळे तो आधी दिला आहे. इगतपुरीजवळ भातशेती करणारे श्री. देवराम गतीर यांची ती थोरली मुलगी. प्रवेशाच्या वेळी कक्षाने तिला ‘तृप्ती डॉट गतीर’ असे ई-मेल खाते दिले. अडीच वर्षे वेळापत्रके, निकाल, ग्रंथालयाच्या तंब्या आणि रक्तदान शिबिराची निमंत्रणे या खात्यावर बिनचूक येत राहिली. खात्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नव्हती आणि खात्याचीही अर्जदाराबद्दल नव्हती.

३. दि. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी अर्जदाराचा विवाह येवला येथील श्री. सोमनाथ कोटमे यांच्याशी झाला. श्री. सोमनाथ हे घरच्या हातमागावर पैठणी विणतात. लग्न ठरतानाच अर्जदाराच्या वडिलांनी एक अट घातली होती की, पोरीची पदवी याच वर्षी पुरी होईल. हुंडा नको, मानपान नको, पण ही एक गोष्ट हवी. गतीरांच्या घरात आजवर पदवीपर्यंत कोणी पोहोचलेले नाही. सासरच्या मंडळींनी ही अट आनंदाने मान्य केली आणि ती पाळलीही. पुढे जे काही घडले ते अट मोडल्यामुळे नव्हे, हे आपण कृपया ध्यानात घ्यावे.

४. सासरी लक्ष्मीपूजनाच्या वेळी तांदळाचे ताट समोर आले आणि पतीने अंगठीने त्यात सुनेचे नवे नाव लिहिले. ही पद्धत आपणास ठाऊक असेलच. आपल्याही घरात कोणाचे तरी नाव असेच ताटात बदलले असेल. कोणाचे, हे विचारण्याचा अर्जदाराला अधिकार नाही. ताटात ‘वेदिका’ असे नाव उमटले. नाव सासूबाई श्रीमती सिंधुबाई यांनी निवडले होते. त्यांचे म्हणणे, ‘नाव घेतलं की दाराशी रांगोळी काढल्यावानी वाटलं पायजे.’ लिहिता लिहिता ताटातली जागा संपली आणि शेवटचे अक्षर मावेना, म्हणून आणखी दोन मुठी तांदूळ ओतण्यात आले. तांदूळ अर्जदाराच्या वडिलांच्याच शेतातले होते, रुखवतातून आलेले. पुढे समितीने नामबदलाचा मूळ दस्तऐवज मागितला. सदर तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाण्यात आल्यामुळे तो सादर करता आला नाही. ताटाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

५. नवे नाव अंगवळणी पडायला वेळ लागला. पहिला आठवडाभर सासूबाई माजघरातून ‘वेदिका, वेदिका’ अशा हाका मारीत आणि अर्जदार ओट्याशी शांतपणे मेथी निवडत बसे. आळीत बोलवा झाली की कोटम्यांनी बहिरी सून आणली. शेजारची एक म्हातारी तर कानात घालायचे तेल घेऊन आली. अर्जदाराने ते तेल घेतले, आभार मानले आणि त्या दिवसापासून हाकेला ओ द्यायला सुरुवात केली. मनात अजूनही आपण तृप्तीच आहोत असे तिला वाटत होते. ते तिने कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नव्हते.

६. आता अर्जदार परिपत्रकाकडे वळते. सहाव्या सत्रात विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाबाहेर राहून प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घ्यावे, असे महाविद्यालयानेच ठरवले. अर्जदाराला घरच्याच मागाचे उत्पादन व ऑनलाइन विक्री हा विषय मंजूर झाला. दर आठवड्याला एक टिपण लिहून खात्यात ठेवायचे आणि शेवटी संपूर्ण अहवाल त्याच खात्यावरून पाठवायचा. अहवालाची अंतिम तारीख २० मार्च, सायंकाळी पाच. तो त्या खात्यावरून पोहोचला नाही तर विद्यार्थी अनुत्तीर्ण. बाहेर असताना खाते कसे सांभाळावे यासाठी आपण परिपत्रक क्र. १४ काढले. त्यातील नियम एक, आठवड्यातून एकदा तरी खाते उघडावे. नियम दोन, खात्यावरील माहिती सदैव अद्ययावत ठेवावी. नियम तीन, पासवर्ड कोणासही, अगदी घरच्यांसही सांगू नये.

७. अर्जदाराने हे परिपत्रक छापून मागाच्या खोलीत खुंटीला अडकवले. तिथेच चूक झाली. श्री. सोमनाथ हे फार नेटके गृहस्थ आहेत. विणताना एक धागा चुकला तर चार बोटे विणलेले काढून पुन्हा विणतात, मग गिऱ्हाइकाला ती चूक भिंग लावूनही दिसणार नसली तरी. त्यांनी विणता विणता नियम दोन वाचला आणि धोटा हातातच राहिला. खात्यावर अजून तृप्ती गतीर! ‘काठात एक रंग आन् पदरात दुसरा, असं कसं चालंल?’ असे ते म्हणाले. त्यात वाईट हेतू शोधूनही सापडणार नाही. बायकोचे काम आपल्याकडून अर्धे राहू नये एवढेच त्यांच्या मनात होते.

८. त्यानुसार दि. १८ जानेवारी रोजी, रविवारी, अर्जदाराने नियम तीनचे पालन करून पदराआड पासवर्ड टाकला आणि संगणक पतीच्या हवाली केला. त्यांनी नावाच्या जागी वेदिका कोटमे असे लिहिले. छायाचित्राच्या जागी लग्नातला फोटो लावला, ज्यात मुंडावळ्यांमुळे अर्जदाराची हनुवटी तेवढी ओळखू येते. संपर्कासाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक घातला. मग दोघांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी खाते बंद झाले. पडद्यावर मजकूर होता की, वेदिका कोटमे नामक अनोळखी व्यक्तीने तृप्ती गतीर यांच्या खात्याचा ताबा घेण्याचा प्रयत्न केला असून, आपण तृप्ती गतीर असाल तर घाबरू नका. अर्जदार घाबरली नाही. तिला फक्त हे कळेना की आपण वाचलो की पकडलो गेलो.

९. यानंतर अर्जदाराने पतीच्या खात्यावरून आपणास ई-मेल पाठवला. उत्तर क्षणात आले, त्याबद्दल आभार. तक्रार केवळ महाविद्यालयाच्या खात्यावरूनच स्वीकारली जाईल, असे ते उत्तर होते. दूरध्वनी केला तर वाट पाहण्यास सांगून सनईचे सूर ऐकवण्यात आले. नुकतेच लग्न झालेले असल्यामुळे सनई पुरे झाली होती. मग दि. २७ जानेवारीला अर्जदार एस.टी.ने अडीच तासांचा प्रवास करून नाशिकला आली. फाटकावरचे फकिराभाऊ तिला पाहून म्हणाले, ‘काय ताई, लय दिवसांनी? लगीन झालं ना? पेढं कुठं हायेत?’ आणि ओळखपत्र न पाहता आत सोडले. आजवर महाविद्यालयाने अर्जदाराची ओळख पटवून घेतली ती एवढीच.

१०. आपल्या कक्षाच्या खिडकीवर श्री. वाल्मीक हे लिपिक बसतात. ते भले गृहस्थ आहेत आणि या अर्जामुळे त्यांना त्रास होऊ नये. त्यांनी तक्रारींची नोंदवही काढून दाखवली. त्यात प्रकरण रीतसर नोंदलेले होते. अर्जदार : तृप्ती गतीर. गैरअर्जदार : वेदिका कोटमे. संगणकाने अर्जदाराच्या वतीने अर्जदाराविरुद्ध आपणहून तक्रार नोंदवली होती. दोघी एकच आहेत हे अर्जदाराने परोपरीने सांगितले. श्री. वाल्मीक म्हणाले, ‘ताई, मला दिसतंय की. पण इथं माणसाचं काय चालत नाय, खात्याचं चालतं. तुम्ही तारखेला या दोघी.’ आणि त्यांनी सूचनापत्र हाती दिले. तृप्ती व वेदिका या दोघींनी दि. ३ फेब्रुवारी रोजी अकरा वाजता एकत्र समक्ष हजर राहावे.

११. दि. ३ फेब्रुवारीला समितीपुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या. अर्जदार एकीवर बसली. काही वेळाने, समितीचे समाधान व्हावे म्हणून, दुसरीवर जाऊन बसली. याचा उपयोग झाला नाही. विवाह नोंदणीचा दाखला दाखवला, तर दाखल्यावरून विवाह सिद्ध होतो, खाते सिद्ध होत नाही, असे उत्तर मिळाले. दोन्ही नावांपुढे सही करू का असे विचारले, तेव्हा एका व्यक्तीने दोन सह्या करणे हाच मुळात गुन्हा आहे, अशी समज देण्यात आली. शेवटी रोजनाम्यात लिहिले गेले की, तृप्ती हजर, वेदिका सबळ कारणाशिवाय गैरहजर. पुढील तारखेस गैरअर्जदारास सोबत आणण्याची जबाबदारी अर्जदाराची. पुढील तारीख १७ फेब्रुवारी पडली.

१२. घरी हे ऐकून सासूबाईंना राहवले नाही. ‘मी येते. माझी सून मी वळखत नाय का? सांगते त्यांना,’ असे म्हणून त्यांनी मागावर कापड झाकले, ठेवणीतले लुगडे काढले आणि त्या अर्जदारासोबत निघाल्या. त्यांचे वय अठ्ठावन्न. गुडघे दुखतात. एस.टी.त बसून पाय आखडले होते, त्यामुळे समितीच्या खोलीत रिकामी खुर्ची दिसताच त्या तिच्यावर टेकल्या. एवढ्यात हजेरीचा कागद फिरला. बँकेत करतात तशी सही त्यांनी केली, तिच्यातले ‘कोटमे’ एवढेच वाचता येते. पुढचे सर्व अर्जदाराच्या डोळ्यांदेखत घडले आणि ती काहीही करू शकली नाही.

अध्यक्षांनी विचारले, कोटमे आपणच का? सासूबाई म्हणाल्या, हो, मीच. वेदिका हे नाव कोणाच्या सांगण्यावरून आले? ‘माझ्याच. मीच निवडलं, मला लय आवडलं ते.’ अर्जदाराने मध्ये बोलण्याचा प्रयत्न केला असता, गैरअर्जदारांना त्यांचे म्हणणे मांडू द्या, असे सांगण्यात आले. मग चूक झाली हे मान्य आहे का, असा प्रश्न आला. सासूबाईंनी मोठ्या माणसांपुढे जोडतात तसे हात जोडले. ‘चुकलं असंल तर पोटात घाला साहेब. पोरीचं वरीस जाऊ देऊ नका.’ समितीने हा प्रांजळ कबुलीजबाब लिहून घेतला. त्यांच्या वयाकडे पाहून पोलिसांत न जाण्याचा निर्णय झाला, असे नंतर कळले.

१३. दि. २७ फेब्रुवारीचा निर्णय आपण अर्जदाराच्या त्याच बंद खात्यावर पाठवला. तो श्री. वाल्मीक यांनी छापून दिला म्हणून मिळाला. त्यात वर क्र. १ मध्ये सांगितलेल्या अटीखेरीज तीन गोष्टी आहेत. पहिली, वेदिका कोटमे, वय अठ्ठावन्न, यांनी कृत्य कबूल केल्यामुळे त्यांना महाविद्यालयाचे कोणतेही खाते वापरण्यास कायमची मनाई. दुसरी, खाते मूळ मालक तृप्ती गतीर यांना विद्यार्थ्यांच्या नोंदवहीतून खात्री करून परत द्यावे. तिसरी, नोंदवहीतून खात्री केली असता तृप्ती गतीर नावाची विद्यार्थिनी या महाविद्यालयात नाही. सबब हे बेवारस खाते त्यातील सर्व मजकुरासह दि. २० मार्च रोजी पुसून टाकावे.

१४. तृप्ती गतीर नोंदवहीत का नाही, याचाही शोध लागला. श्री. सोमनाथ यांनी खाते बदलण्यापूर्वीच, दि. १२ जानेवारीला, विवाहाच्या दाखल्यासह नोंदणी विभागाकडे अर्ज देऊन तेथेही नाव बदलून घेतले होते. पत्नीला आनंदाचा धक्का द्यावा असा त्यांचा विचार होता. धक्का पोहोचला. ज्या विभागातून अर्जदाराची मैत्रीण तेजस्विनी ही जन्मतारखेतील एका अंकासाठी दोन वर्षे चकरा मारीत आहे, त्या विभागाने हे काम दोन दिवसांत केले. नियमाने लागणारे राजपत्र मागितले नाही आणि विद्यार्थिनीची सहीदेखील मागितली नाही. पतीची सही पुरेशी वाटली.

१५. म्हणजे आजची स्थिती अशी आहे. नोंदवहीप्रमाणे या महाविद्यालयात वेदिका शिकते आणि तिला खाते वापरण्यास मनाई आहे. खात्याप्रमाणे ते तृप्तीचे आहे आणि तृप्ती या महाविद्यालयात शिकत नाही. मधल्या मध्ये खाते बंद होईपर्यंतची सर्व टिपणे त्या खात्यात पडून आहेत. ताणा कसा भरतात, रेशीम दमट हवेत कसे वागते, एका पदराला किती दिवस लागतात, कोणते फोटो पाहून माणसे साडी मागवतात, हे सर्व अर्जदाराने मागाशेजारी बसून लिहिले आहे. अकरा दिवसांनी ते पुसले जाईल. अहवाल जाणार नाही, वर्ष जाईल, आणि अर्जदाराला इगतपुरीला फोन करून वडिलांना सांगावे लागेल की, तुम्ही घातलेली एकच अट होती, ती पुरी झाली नाही आणि दोष मात्र कोणाचाच नाही. हा फोन करण्याची अर्जदाराला फार भीती वाटते. एवढी भीती तिला समितीचीही वाटली नव्हती.

१६. पुढील मजकूर प्रकरणाशी संबंधित नाही असे आपणास वाटू शकेल. अर्जदाराला तो संबंधित वाटतो. दि. १७ फेब्रुवारीला जिना उतरताना श्री. वाल्मीक यांनी सासूबाईंना हात देऊन म्हटले, ‘सांभाळून, वेदिकाताई, पायरी मोडकी हाय.’ काय घडले ते सासूबाईंना तेव्हा उमगले. परतीच्या गाडीत त्या चांदोरीपर्यंत हसत होत्या, इतक्या की कंडक्टरने वळून पाहिले. विंचूर गेल्यावर खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, ‘ह्ये माझं तिसरं नाव झालं गं.’

अर्जदाराने विचारले, तिसरे कसे? तेव्हा त्यांनी सांगितले की सिंधू हे त्यांचे दुसरे नाव. अडतीस वर्षांपूर्वी याच घरात, याच ताटात ते लिहिले गेले. त्या चौथी शिकलेल्या. ताटाच्या समोरच्या बाजूला बसल्या होत्या, त्यामुळे आपले नवे नाव त्यांनी उलटे वाचले आणि काय लिहिले आहे ते नीट कळायला थोडा वेळ लागला. पहिले पंधरा दिवस त्यांनाही हाक ऐकू येत नसे. त्यांच्या सासूनेही आळीत सांगितले होते की सून बहिरी आहे. तेल त्यांच्याही कानात घातले गेले होते. माहेरचे नाव आई असेपर्यंत कोणीतरी घेत असे. आई जाऊन एकोणीस वर्षे झाली. ‘आता ते मलाच आठवावं लागतं,’ त्या म्हणाल्या. अर्जदाराने ते नाव विचारले. घरात लग्न करून आल्यापासून अडीच महिन्यांत हा प्रश्न तिने विचारला नव्हता, याची तिला लाज वाटली. त्यांनी नाव सांगितले. फुला.

१७. त्या दिवसापासून घरात काही फरक पडला आहे. सासूबाईंनी श्री. सोमनाथ यांना मागासमोर उभे करून सांगितले, ‘तिचं नाव तिला व्हतं तसं आणून दे. इचारल्याबिगर बदललंस कसं?’ श्री. सोमनाथ म्हणाले की, नाव तर तूच निवडलंस. यावर त्या म्हणाल्या, ‘मग मलाबी इचारायला पायजे व्हतं कुणीतरी, की तू का निवडती.’ श्री. सोमनाथ यांनी नोंदणी विभागाकडे नाव पूर्ववत करण्यासाठी अर्ज दिला आहे. जे दोन दिवसांत बदलले ते परत फिरवायला सहा महिने लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. सासूबाई सध्या अर्जदाराला वेदिकाही म्हणत नाहीत आणि तृप्तीही म्हणत नाहीत. निकाल लागेपर्यंत त्या नुसते ‘ए पोरी’ म्हणतात. अर्जदार लगेच ओ देते.

१८. सबब, अर्जदाराची आपणास विनंती आहे की,

तृप्ती डॉट गतीर हे खाते दि. २० मार्चपूर्वी, निदान एका दिवसासाठी तरी, चालू करून द्यावे, म्हणजे टिपणे काढून घेता येतील आणि अहवाल पाठवता येईल. नाव कोणते ठेवायचे याचा वाद नंतर निवांत करता येईल. हजेरी क्रमांक सत्तेचाळीस हाच आधार मानला तरी चालेल.

वेदिका कोटमे या व्यक्तीवरील आरोप मागे घ्यावा. ही मुलगी फक्त तांदळात अस्तित्वात आली होती, तिने कोणाचे खाते चोरलेले नाही. तसेच तिच्या जागी ज्या बाईंचा जबाब लिहून घेतला त्यांचे नाव दोषींच्या नोंदीतून काढावे. त्यांनी आयुष्यात ई-मेल पाठवलेला नाही, आणि आता पाठवावासा वाटला तरी आपल्या निर्णयाने त्यांना मनाई आहे.

परिपत्रक क्र. १४ मधील नियम दोनमध्ये, माहिती अद्ययावत करण्यापूर्वी ज्याची माहिती आहे त्यालाही विचारावे, असे एक वाक्य घालता आले तर पाहावे.

उत्तर कृपया बंद खात्यावर पाठवू नये. श्री. वाल्मीक यांच्याकडे ठेवावे. अर्जदार रोज पहिल्या गाडीने येऊन चौकशी करील.

१९. साक्षीदाराबद्दल एक खुलासा. या अर्जावर सासूबाईंनी साक्षीदार म्हणून सही केली आहे. नेहमीची सही त्यांनी केलेली नाही. आपल्या पहिल्या नावाने सही केली तर समिती चौथ्या व्यक्तीचे प्रकरण उघडेल, अशी कल्पना अर्जदाराने त्यांना दिली होती. ‘उघडू दे की,’ असे त्या म्हणाल्या. ‘तेवढंच कागदावर येईल.’ अडतीस वर्षांत ते नाव त्यांनी लिहिले नव्हते, त्यामुळे सहीपूर्वी थोडा सराव करावा लागला.

वर लिहिलेला सर्व मजकूर खरा आहे. तो मी लिहिला आहे.

आपली नम्र व एकटीच,

(सही)
तृप्ती देवराम गतीर
तृतीय वर्ष वाणिज्य, हजेरी क्र. ४७
(आपल्या नोंदवहीत : वेदिका सोमनाथ कोटमे)
मुक्काम येवला, जि. नाशिक

साक्षीदार :
(सही)
फुला
(रेशनकार्डावर : सिंधुबाई कोटमे; आपल्या निर्णयात : वेदिका कोटमे, वय ५८)

सोबत :
१) परिपत्रक क्र. १४ ची प्रत, खुंटीचे भोक असलेली.
२) विवाह नोंदणीचा दाखला, छायाप्रत.
३) तांदळाच्या ताटाचे छायाचित्र. मूळ तांदूळ उपलब्ध नाहीत.
४) येवला–नाशिक–येवला एस.टी.ची तिकिटे, हजेरीचा पुरावा म्हणून.
५) साक्षीदाराने सहीआधी केलेल्या सरावाचा कागद, एक. समितीने सहीचा नमुना मागितल्यास उपयोगी पडावा म्हणून जोडला आहे. त्यावर ‘फुला’ हे नाव सात वेळा लिहिलेले आहे. पहिली चार खोडलेली आहेत. काम झाल्यावर हा कागद परत मिळावा. त्या तो मागत आहेत.